बेस आटली

मी, लोरेना टटल, वय एक्याऐंशी, राहणार कार्व्हर्स हॉलो, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना आणि बऱ्यापैकी खुशीत लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

१. राहते घर, गोठा व मेपलची झाडे मुलगी डेलिया हिला. गोठा पाडू नये.

२. आमच्या गावात जन्मलेल्या, अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षांवरची माझी सर्व टिपणे वाचनालयाला. त्यांचे नाव वाचून वकीलसाहेबांनीही "हे कोण?" असे विचारले, म्हणून इथे घालत नाही. चाळीस वर्षे मी त्या गृहस्थांच्या मागे होते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझा नवरा ऑरिन एक जादा ताट मांडून विचारायचा, "काय गं, तुझे थोरले यजमान आज जेवायला नाहीत?"

३. गोठ्यातली पितळी घंटा प्रोफेसर लॅथ्रप यांना. राष्ट्राध्यक्षांच्या रोजनिशीत एक ओळ आहे: 'बेस आटली. एप्रिलपर्यंत कळ काढायची.' प्रोफेसरांनी या बेसला विरहाने झुरणारी प्रेयसी ठरवून तीनशे पानी ग्रंथ लिहिला. मी शंका काढली, तेव्हा भर सभेत म्हणाले, "बाई, तुम्ही स्वयंपाकाची पुस्तकं लिहा." घरी येऊन मी ती ओळ ऑरिनला वाचून दाखवली. तो धार काढत होता. मान वर न करता म्हणाला, "अगं वेडे, गाय आहे ती! दूध आटलंय तिचं. एप्रिलात व्यायची असेल." गावच्या जुन्या जनावरांच्या यादीत बेस सापडली, वासरासकट. प्रोफेसरांनी घंटा टेबलावर ठेवावी आणि अधूनमधून वाजवावी.

४. हे कलम माझ्या अपराधाचे. राष्ट्राध्यक्षांवरच्या माझ्या पुस्तकात, बेसचा उलगडा करणाऱ्या ऑरिनला मी 'एक स्थानिक गवळी' म्हणून तळटीपेत बसवले. त्याचे नाव घातले तर विद्वान हसतील, अशी मला भीती वाटली. त्याने ती टीप वाचली आणि एवढेच म्हणाला, "स्थानिक आहे, हे मात्र खरं." त्याला जाऊन सहा वर्षे झाली. ते वाक्य मला अजून बोचते.

नवी आवृत्ती निघेपर्यंत मी मरणार नाही, असे प्रकाशकांना बजावले होते. जिंकले! आज सकाळी पहिली प्रत हातात आली. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत, ऑरिनचे वर. ही प्रत माझ्याबरोबर पुरावी. माझी जागा त्याच्या डाव्या हाताला आहे. मुखपृष्ठ त्याच्याकडे वळवून ठेवावे.

ठिकाण: कार्व्हर्स हॉलो
दिनांक: ९ एप्रिल २०११
सही: लोरेना टटल

आमच्यादेखत सही झाली:
१. मिल्ड्रेड ऑस्ट्रँडर, ग्रंथपाल
२. हायरम बीब, शेजारी. (व्यवसायाच्या जागी 'स्थानिक गवळी' असेच लिहा, म्हणून हटून बसला. लिहिले आहे.)