अख्ख्या पोडाचा नंबर

३ डिसेंबर
रुखमाकाकूला पुन्हा कार लोन मंजूर! या आठवड्यात दुसऱ्यांदा. तिच्या नावाचं सगळं माझ्याच मोबाईलवर येतं. गॅसचं, निराधारच्या पैशाचं, आणि हे असलं. वर टेकडीवर पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, तिथे रेंज नाही, म्हणून फोनही फारसे नाहीत. कुठेही फॉर्म भरायचा तर विचारतात, ‘मोबाईल नंबर?’ आणि ही मंडळी बेधडक माझा सांगतात. पोस्टवालीचा नंबर म्हणजे गावच्या विहिरीचा दोर. कोणीही ओढा!
टपाल घेऊन गेले तर काकू कापूस वेचत होती. म्हटलं, ‘काकू, गाडी कोणत्या रंगाची घेतेस?’
‘बैल जुंपता येते का तिले?’
दोघीही बांधावर बसून हसलो.

६ डिसेंबर
टपाल खात्याचे ओव्हरसियर पुंडलिकराव तपासणीला आले. ओसरीतलं माझं ऑफिस पाहायला कितीसा वेळ लागणार — एक टेबल, एक पेटी, तारखेचा शिक्का. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, ‘ज्योत्स्नाताई, पोस्टाच्या खात्याचे गिऱ्हाईक वाढवा. ज्या शाखेले गिऱ्हाईक नाई, थ्या मोठ्या ऑफिसात जोडून राह्यले. डिसेंबर संपला का आकडे पाह्यतीन.’
‘आणि आम्ही?’
‘तुम्हाले देतीन कुठंतरी. मागं एकीले सेलूकडे देल्लं.’
सेलूकडे! दोन बस बदलून, चार तासांच्या कामासाठी. मानधन तिकिटातच जायचं. सरळ सांगा ना, घरी बस म्हणून!

७ डिसेंबर
प्रफुल म्हणतो, ‘सोडून दे ना. पत्रं लिहितेच कोन आता?’
नवऱ्याचं बरोबर आहे, तेच तर झोंबतं. थैलीत काय असतं? बँकेच्या नोटिसा, आधार कार्डं, एखादं पार्सल. लग्नपत्रिकासुद्धा मोबाईलवर गेल्या. पण ती नोटीस वाचून कोण दाखवतं? खासगी पार्सलवाला फाट्यावर गाडी उभी करून फोन करतो, ‘घेऊन जा.’ पोडाची चढण तो कधी चढला नाही. चढणारही नाही.
मला ही नोकरी हवी आहे. इथेच लिहिते, बाहेर कोणाजवळ बोलायची सोय नाही. दहावीच्या मार्कांवर लागले मी, कोणाच्या वशिल्याने नाही. बाकी सगळीकडे मी प्रफुलची बायको. माझ्या नावाने हाक मारणारं हे एकच ठिकाण.

१४ डिसेंबर
किती छान दिवस गेला!
गावातल्यांची खाती तालुक्याच्या बँकेत. माझं गिऱ्हाईक म्हणजे पोडच. म्हणून परवा पुनाजीबाबांना सगळं सांगितलं. पोडावर त्यांचाच शब्द चालतो. तिथली मंडळी आपसात कोलामीत काहीबाही बोलली, मला एक अक्षर कळलं नाही. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाई, तुले गिऱ्हाईकच पायजे ना? अख्खं पोड घे.’
आणि आज खरंच सगळे थांबले. ऐन वेचणीत, मजुरी बुडवून! उताराखाली रेंज येते तिथे चटईवर अंगठ्याचं मशीन मांडून एकेकाचं खातं काढत गेले. काम करून करून बोटं गुळगुळीत झालेली, मशीन अंगठा घेता घेत नाही. रुखमाकाकू लुगड्याला बोट पुसून पुसून लावत होती आणि मशीनला तिच्या भाषेत शिव्या देत होती. शिव्याच असणार, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.
ज्यांची आधीपासून खाती होती, त्यांचीही कामं उरकली. त्या खात्यांवर पोरांचे नंबर होते, आणि पोरं कोणी पुण्याला, कोणी सुरतेला. मेसेज तिकडे जातो आणि म्हातारी इथे वाट पाहते. ते सगळे काढून माझा टाकला. आता कोणाचं काही अडायचं नाही.
शेवटी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या, टोपलंभर. पुनाजीबाबा म्हणाले, ‘आता कोन बंद करते थे पाहू!’
मलाही तसंच वाटतंय.

२९ डिसेंबर
शाखेचं अजून काही कळलं नाही. थंडी फार आहे.

९ जानेवारी
पुंडलिकराव फोन उचलत नाहीत. चहाला कधी नाही न म्हणणारा माणूस! लक्षण बरं नाही.

१९ जानेवारी
आला हुकूम. माझ्याच थैलीतून आला, मीच सील तोडलं. एक तारखेपासून शाखा मोठ्या ऑफिसात विलीन. मला सेलूकडे. कारण — ‘ग्राहकसंख्या अपुरी’.
अपुरी! अख्खं पोड दिलं की तुम्हाला! आणखी माणसं कुठून आणू, जन्माला घालू?
पोडावर सांगायला गेले. पुनाजीबाबांनी बोटांवर घरं मोजली. मग म्हणाले, ‘कोनी राह्यलं असन. मी लेकीयले माहेरी बलावतो, त्याह्यचंही खातं काढ.’ मला रडूच कोसळलं. त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर.
रुखमाकाकूने विचारलं, ‘मंग आमचा कागुद कोन आनीन?’
म्हटलं, ‘येईल कोणीतरी.’
कोणी येणार नाही. तिलाही ते कळलं होतं. जाताना तिने पिशवीभर शेंगा दिल्या. उलट मीच काही द्यायला हवं होतं.

२५ जानेवारी
राजीनामा लिहिला. प्रफुल म्हणाला, ‘बरं झालं, सुटली.’ त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

२ फेब्रुवारी
भिंतीवरची लाल पेटी काढून नेली. मागे चुन्याचा स्वच्छ चौकोन उरलाय. प्रफुल रंग मारतो म्हणाला. म्हटलं, हात लावू नको.

३ फेब्रुवारी
शिक्का आणि मशीन परत द्यायला मोठ्या ऑफिसात गेले. कॉम्प्युटरवर पीयूष म्हणून नवीन मुलगा आहे. न राहवून त्याला विचारलं — अख्खं पोड जोडलं, तरी अपुरी कशी?
त्याने आमच्या शाखेचं पान उघडलं. ‘मॅडम, हे मानसं नाई मोजत, मोबाईल नंबर मोजते. एक नंबर म्हंजे एक गिऱ्हाईक. दिवाळीपर्यंत तुमचे बरे होते, शाखा वाचली असती. डिसेंबरात मधीच सारे गायब! एकच नंबर राह्यला.’ त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘पाहा बरं, कोनाचा हाय?’
पाहायची गरज नव्हती.
पुनाजीबाबांना हे सांगायचं नाही. कधीच नाही.