पट्टेदार अंगरख्याची कुस्ती

ती. ओकुमेताईस,

एदोहून धाकट्या ओतोसेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळं खुशाल. (म्हणजे आता खुशाल.)

देवळाच्या आवारात कुस्त्यांचे दहा दिवस लागले, की आमचे हे फण्यांचं दुकान माझ्या गळ्यात टाकून पहाटेच पसार होतात. यांच्या लाडक्या मल्लाने, ओबोरोयामाने, कुणाला कसं पाडलं, ते घरी येऊन माझ्यावरच करून दाखवतात. बायकांना तिथे मज्जाव. मी म्हटलं, "मलाही एकदा बघायचंय." तर म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतंय?" ताई, तिथेच ठिणगी पडली.

सातव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी यांचे कपडे घातले आणि वर यांचा पट्टेदार अंगरखा चढवला. लग्न झालेल्या बाईच्या भादरलेल्या भुवया झाकतील असा पंचा डोक्याला गुंडाळला. दातही लग्नापासून काळे रंगवलेले, म्हणून तोंड मिटून बसायचं ठरवलं. (हसू नकोस, तासभर जमलं.) तिकीट काढून आत शिरले, तर गर्दीने ढकलत ढकलत मला नेमकं यांच्याच पाठीमागे नेऊन बसवलं. ओबोरोयामा कडेपर्यंत रेटला गेला होता. शेवटच्या क्षणी त्याने कमरेला झटका देऊन समोरचा डोंगर उलथवला, आणि मी अशी आरोळी ठोकली की यांनी मागे न बघताच माझ्या मांडीवर थाप मारली. लोक आपापले अंगरखे आखाड्यात फेकत होते. मीही फेकला.

घरी आल्यावर आठवलं, फेकलेला अंगरखा मल्लाचा माणूस मालकाला परत आणून देतो आणि बक्षीस घेऊन जातो. आणि गळपट्टीवर तर आमच्या दुकानाचं नाव.

दुसऱ्या दिवशी पावसामुळे कुस्त्या बंद, हे घरीच. तो माणूस दारात हजर. हे अंगरख्याकडे बघतच राहिले.

"अहो, आता घरातली भांडीच फेकायची राहिलीत," मी डोळे वटारले.

"अगं, मी काल हा घातलाच नव्हता."

"काल एवढी ढोसून आलात, आठवणार कसं?"

यांनी मुकाट्याने बक्षीस दिलं आणि दिवसभर मान खाली घालून फण्या पुसल्या. मला वाईट वाटलं. जरासंच.

तुझी,
ओतोसे

ता. क. वसंतातल्या कुस्त्यांच्या वेळी तू आजारी पडशील का? 'अंथरुणाला खिळले आहे, दहा दिवस ये' एवढंच लिही.

आणखी एक ता. क. ओकुमेताई, पत्र जासूदाकडे द्यायला तिने माझ्या हाती दिलं, म्हणून या ओळी माझ्या. मला सगळं ठाऊक आहे, हे तिला कळू देऊ नका. आजारपण मात्र पाचच दिवसांचं लिहा. ती आखाड्यात असताना दुकान मलाच सांभाळावं लागणार, आणि निम्म्या कुस्त्या मलाही बघायच्यात.
– गेन्शिची