सेफोची चटई आणि सौम्य गोळी

३ जून, सोमवार
माझ्या मुलाला, सेफोला, घराण्याचं प्रमुखपद २९ तारखेला. तलम चटई आईनं विणायची आणि साऱ्या गावासमोर आईनंच मिरवायची. वीतभर विणायची उरली आहे. अडचण एकच. मांडी घातली की पोटऱ्यांत गोळे येतात, आणि चारचौघींत पाय पसरणं शोभत नाही. आज कमरेला गुंडाळलेल्या लावालावाखालून डावा पाय हळूच सोडला, तो थेट फेताऊ म्हातारीच्या कोकोच्या पेल्यात. विणकामघरात तिचीच सत्ता. म्हणाली, "पाय धुवायला पाणी मागायचंस की गं!"

५ जून, बुधवार
ब्रिस्बेनहून तालोसियाचा फोन. लेक तिथे वृद्धाश्रमात कामाला, म्हणजे अर्धी डॉक्टरच. म्हणाली, मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर पोटाला सौम्य असतं ते घे, ग्लायसिनेट. पण आधी नर्सला विचार, तुला साखर आहे.
मला साखर नाही. नर्स मालिया "थोडी वाढलीय" एवढंच म्हणाली होती, तेही दोन वर्षांपूर्वी. थोडी तर पाद्रीबाबांनाही असेल. दवाखान्यात जाणार नाही. विणकामाचा दिवस वाया जातो.

८ जून, शनिवार
बसनं शहरात, आपियाला. सौम्य संपलेलं. साधं होतं, ऑक्साइड. बाटली दुप्पट मोठी, किंमत निम्मी. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, यानं कुणाकुणाचं पोट सुटतं." आमच्या घराण्यात पोटं मजबूत, असं तिला सांगितलं.
संकल्प: रोज एक, प्रार्थनेनंतर.

९ जून, रविवार
प्रवचन लांबलं. तीनदा बाहेर जावं लागलं. हे म्हणाले, "पहिल्यांदा उठलीस तेव्हा लोकांना वाटलं, प्रवचन मनाला भिडलं. तिसऱ्यांदा कुणाचा तसा गैरसमज राहिला नाही."
गोळी बंद. मी सौम्यच घ्यावी अशी देवाची इच्छा दिसते.

१७ जून, सोमवार
तालोसियानं एका नातेवाइकाबरोबर सौम्य बाटली धाडली. साठ गोळ्या. पोट शांत. पाय तसेच, पण पहिलाच दिवस आहे.
संकल्प: बाटली कुणाला दाखवायची नाही.

१८ जून, मंगळवार
दाखवली. खरं तर पिशवीतून खुळखुळली. फेताऊ म्हणाली, "लेकीनं परदेशातून पाठवलं आणि मांडीखाली दडवतेस होय?" आता परदेशातून आलेली वस्तू एकटीनं खाणं बरं दिसतं का? प्रत्येकीला एक दिली. नणंद पेपेनं तीन घेतल्या. तिला गोळे येत नाहीत. "येऊ नयेत म्हणून," म्हणाली.

२१ जून, शुक्रवार
रोज सगळ्याजणी मागत राहिल्या, बाटली रिकामी. माझ्या वाट्याला जेमतेम सात. पण गुण बघा! डावा पाय दुखायचाच थांबला. आज पेपे किंचाळली तेव्हा खाली पाहिलं. पानं सोलताना पडलेला केवड्याचा काटा टाचेत पुरता रुतला होता आणि चटईच्या कडेला रक्त लागलेलं. मला कळलंसुद्धा नाही. इतका आराम!
डाग धुतला. पुसट राहिला.

२६ जून, बुधवार
चटई झाली. देवाचे आभार.
पेपेनं चुगली केली, म्हणून नर्स मालिया स्वतः विणकामघरात आली. टाच पाहून तिचा चेहरा उतरला. मला डोळे मिटायला लावून पायाच्या बोटांना दोरा टेकवत गेली. "कळतंय?" मी म्हटलं, काही नाही, अगदी छान. म्हणाली, "छान नाही काकू. साखरेनं नसा बधिर झाल्यात. जखम चिघळलीय. गोळी हे त्याचं औषधच नाही. उद्याच मोठ्या दवाखान्यात चला. आणि या पायावर भार द्यायचा नाही."
२९ झाल्यावर जाईन म्हटलं. गोळ्यांचा गुण तिला पटणार नाहीच. तिला एकही मिळाली नव्हती.

२९ जून, शनिवार
सेफो प्रमुख झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा उठले. पाऊल टाकलं, पण ते जमिनीला लागलं की नाही हेच समजेना. पेपेनं सावरलं. मग चटई तिनंच मिरवली, डागाची कड आत दुमडून. बायकांनी आरोळ्या दिल्या.
मला खांबापाशी खुर्ची दिली. फेताऊ ऐंशीची आहे, तीसुद्धा खुर्चीवर बसत नाही. सेफो वळून वळून माझ्याकडे बघत होता. मी हसत होते.
सोमवारी दवाखाना. मालिया गाडी घेऊन येणार आहे.
पाय अजिबात दुखत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मागितलं, देवा, एकदा तरी गोळा येऊ दे. मांडी घालून बराच वेळ बसले.
नाही आला.