कणकेचा आवाज

गुरुजी, आज दुपारी घरात कोणी नाही. बायको आणि लेक बाजारात गेल्या आहेत. पखवाज पुढे घेऊन बसलो होतो, पण हात चालेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या हातात लय पुरती बसलीही नव्हती आणि आता मी पन्नाशीला टेकलो आहे. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी लिहिलं नाही. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तुमची आठवण होतेच, मग वेगळं काय सांगायचं, असं वाटायचं. पण यंदा एक गोष्ट घडली आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

आधी तुम्हाला वेबसाइट म्हणजे काय ते सांगायला हवं. समजा आपल्या मारुतीच्या पाराएवढी एक जागा आहे, फक्त ती कॉम्प्युटरमध्ये आहे. तिथे कोणीही, कुठूनही यावं, बसावं, ऐकावं आणि उठून जावं. जालन्याला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीने अशी एक जागा मला करून दिली. बदनापूरची नोकरी करून गाडीने घरी आलो की मी तिच्या शेजारी बसायचो आणि ती मी सांगेन ते टाकायची. आपल्या भागातल्या भजनी मंडळांच्या जुन्या टेपा, कोण कुठल्या गावचा, कोणती चाल कोणाकडून आली, असं सगळं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक का थापतात, त्याने आवाज जड होऊन खाली कसा बसतो, वाळली की ती पुन्हा का लावावी लागते, हेही लिहिलं. तुम्ही शाळेत फळ्यावर लिहायचात तसं, सोपं करून. यातून काही मिळवायचं नव्हतं. जाफराबादकडचा एक जीपवाला ऐकायचा, परदेशात राहणारा कोणी एक ऐकायचा. एकाने लिहिलं होतं की वडील गेल्यापासून घरात असा आवाज आला नव्हता. ते मी लेकीकडून दोनदा वाचून घेतलं.

त्या जागेवर सगळ्यात वर तुमची टेप होती. तुम्हाला ती संध्याकाळ आठवते का? एक्क्याऐंशी साल असेल, दिवाळी नुकतीच झाली होती. मी पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तो देवळातल्या खांबाला टेकवून ठेवला होता. तुम्ही शाळेतून तसेच आलात. उजव्या बाहीला खडूची पूड, कपाळावर बुक्का. मांडी घातलीत, पखवाज कुशीत घेतलात आणि वाजवायला लागलात. आपला टाळकरी समोर बसून डोलतो आहे. मी टेपरेकॉर्डरचं फिरणारं चाक बघतो आहे, तुमच्या हाताकडे माझं लक्षच नाही. मध्येच तुम्ही थांबता. डावीकडची कणीक सैल पडून ओघळली आहे. ती मीच मळली होती. गडबडीत पाणी जास्त झालं होतं.

"ही कणीक हाय का खीर?" तुम्ही म्हणता. "तुझ्या मायनं तुला पोळ्या करताना कधी जवळ बसू देलं न्हाई का? टेपची पेटी आणली डब्बल भावाची आन् पिठाला पाणी किती घालावं ते कळंना ह्याला. जा जल्दी, कोरडं पीठ घेऊन ये."

टाळकरी खो खो हसतो. मी धावत पुजाऱ्याच्या घरी जातो, पीठ आणतो. तुम्ही ते ओल्यात मिसळून तळव्यावर फिरवता, पुडीवर थापता. थप्, थप्, थप्. मग बोटाने मधोमध दाबून एकदा घुमवून बघता. खोल गेलेला तो आवाज देवळाच्या दगडात शिरतो. "हां. आता बराबर. चल, पुन्हा धापासून." हे सगळं त्या टेपेत आलं होतं. बाहेरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्नसुद्धा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शहरातल्या कॅसेटवाल्या कंपनीने तुम्हाला बोलावलं. तुम्ही तेच वाजवून आलात. शाल-नारळ घेऊन परतलात, पण चेहरा उतरलेला होता. पारावर बसून तुम्ही सांगितलं होतं, "भिंतीला गाद्या लावल्यात रे तिथं. आपण वाजवल्यालं माघारी येतच न्हाई. कुठं जाऊन राह्यलं तेच कळंना." आणि मग म्हणालात, "कणीक लावाया थांबलो, तेवढं काढून टाकलं त्याहीनं. मी म्हणलं, राहू द्या की. तर म्हणले, लोकाला कशाला ऐकवायचं ते." आम्ही सगळे हसलो होतो. एवढ्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

गुरुजी, मी पुढे तेच केलं. तुमची टेप कॉम्प्युटरमध्ये घेतली तेव्हा लेक म्हणाली, मधे बोलणं आहे, ते ठेवायचं का? मला वाटलं, परदेशातली माणसं ऐकतील. आपल्या गुरूच्या तोंडी खीर आणि पोळ्या कशाला? आणि खरं सांगायचं तर, एवढ्या जगासमोर मला बोलणी बसलेली ऐकवायची नव्हती. म्हटलं, कापून टाक. तिने ते कापलं, दोन टोकं अशी जोडली की थांबल्याचा पत्ता लागू नये. हॉर्न घालवला, खरखर घालवली, आणि कॉम्प्युटरमध्ये तेवढंच ठेवलं. "आता एकदम कॅसेटसारखं झालं, पप्पा," ती म्हणाली आणि मला अभिमान वाटला.

टेपेची फीत तोवर जुनी झाली होती. कॉम्प्युटरमध्ये घेऊन झाल्यावर मी ती मशीनमधून काढायला गेलो तर आत गुंतून तुटली. आता तिचं काय करायचं? तुमचा हात होता तिच्यात, देवाचं नाव होतं. कचऱ्यात टाकवेना, जाळवेना. देवघरात एक फाटकी पोथी आणि काच फुटलेली तसबीर होती, त्यांच्यासोबत ती लाल कापडात बांधली, हळदकुंकू वाहिलं आणि शहागडला गोदावरीत सोडून आलो. हात जोडले. त्या दिवशी मन फार शांत होतं. आपल्याकडून सगळं नीट झालं असं वाटलं.

मग त्या कंपनीचं पत्र आलं. कागदाचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं, इंग्रजीतलं. लेकीने वाचून सांगितलं, की हे वादन आमच्या कॅसेटमधलं आहे, त्याचा हक्क आमचा आहे, ताबडतोब काढून टाका, नाहीतर तुमची सगळी वेबसाइट बंद करायला लावू. ती घाबरली होती. मी घाबरलो नाही. उलट मला राग आला, आणि थोडा आनंदही झाला. वाटलं, गुरुजींसाठी काहीतरी करायची वेळ आली. मी उत्तर लिहिलं की ही टेप आमच्या गावच्या देवळातली आहे, माझ्या हाताने भरलेली आहे, तुमच्या कॅसेटच्या आधीची आहे, मी काढणार नाही. मग मी टाळकऱ्याकडे गेलो. तो आता म्हातारा झाला आहे, किराणा दुकानात बसतो, कानाने कमी ऐकतो. त्याला सगळं ओरडून सांगितलं.

"मंग त्यात काय," तो म्हणाला. "टेप लाव त्याहीच्या पुढं. खिरीचं बोलणं ऐकलं की गप बसतेत. श्टुडिओत खीर कुठून आल्ती?"

"ते कापलं मी."

"मंग कापायच्या आधीची लाव."

"ती गंगेत सोडली."

त्याने हातातलं माप खाली ठेवलं. "पोथ्या सोडतेत रे येड्या. टेप सोडतेत का कुठं? उद्या दुकानाचा फोन बिघडला तर त्याला बी नेशील का शहागडला?" मग हसता हसता थांबला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आता त्याहीचं बोलणं कुठंच न्हाई म्हण की," तो म्हणाला.

तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त कंपनी होती. त्याच्या त्या बोलण्याने मला काय गेलं ते कळलं. तुमचे बोल माझ्या हातात आहेत, कंपनीच्या कॅसेटमध्येही आहेत. पण तुम्ही बोलताना कसे होतात, ते फक्त त्या एका जागी होतं.

काही दिवसांनी कंपनीतल्या एका माणसाचा फोन आला. तरुण होता, नीट बोलत होता. "काका, तुमची श्रद्धा मला कळते," तो म्हणाला. "आम्हाला भांडायचं नाहीये. मूळ टेप दाखवा, विषय संपला."

"मूळ टेप नाही," मी म्हणालो. "विसर्जन केली."

"काय केली?"

"गोदावरीत सोडली. देवाधर्माची वस्तू म्हणून."

मला वाटलं हसेल, पण हसला नाही. "काका, मग सांगा, मी वरच्यांना काय सांगू? तुम्ही आवाज साफ केलाय, मधलं कापलंय, हे तुम्हीच वेबसाइटवर लिहिलंय. आता दोन्ही एकसारखंच ऐकू येतं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. लेक म्हणत होती, टेप आहे म्हणून सांगा, कोण बघायला येतंय? तुमच्या नावावर खोटं बोलणं मला जमलं नाही. तरी मी हटलो नाही. पुन्हा लिहिलं, साक्षीदार म्हणून टाळकऱ्याची सही घेऊन पाठवली. ज्यांच्याकडे वेबसाइट ठेवली होती त्यांनी शेवटी कळवलं, की हा तुकडा काढा, नाहीतर सगळंच बंद होईल. बाकीच्या मंडळांचं त्यात होतं, त्यांचा काय दोष? मी लेकीला काढायला सांगितलं. तिने बटण दाबलं आणि तुमच्या नावाखाली जागा रिकामी झाली. ती रडली. मी देवघरात जाऊन बसलो.

महिनाभर ती जागा रिकामी होती. मग मी ठरवलं की आपणच वाजवायचं. गावी गेलो, त्याच खांबाला लेकीचं रेकॉर्डिंगचं यंत्र टेकवून ठेवलं, टाळकऱ्याला समोर बसवलं. कणीक मुद्दाम सैल मळली होती. मधेच ती ओघळली तसा थांबलो आणि तुमचेच शब्द मोठ्याने म्हणालो, खीर, माय, पोळ्या, सगळे. टाळकरी तसाच हसला, फक्त आता त्याला खोकला आला. मी कोरडं पीठ मिसळून थापलं. थप्, थप्, थप्. लेकीने विचारलं, "हे कापू का, पप्पा?" म्हटलं, नाही, एसटीचा हॉर्नही राहू दे. ते आता तुमच्या जागी आहे. हात तुमचा नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. एकाने तसं लिहिलंही आहे.

हे लिहिलेलं कुठे पाठवू? लाल कापडात बांधून शहागडला नेणार नाही, एवढं शिकलो. पखवाजाच्या गवसणीत ठेवून देतो. एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. माझ्या वादनात तुमच्या त्या रागावण्याच्या शब्दांनंतर एक छोटी जागा मी मोकळी ठेवली आहे, काहीच न बोलता. तिथे तुम्ही हसला होतात की तसेच ओघळलेली कणीक खरवडायला लागला होतात, ते मला माहीत नाही, टाळकऱ्यालाही आठवत नाही. त्या संध्याकाळी मी पिठासाठी धावलो होतो, पुढे कधी टेप लावली तरी बोलणी आली की फीत पुढे सरकवायचो, आणि लेकीने कापण्याआधी विचारलं तेव्हा मी पहिली दोन वाक्यं ऐकून पुरे म्हणालो होतो.