पाणी हातावर पडलं तेव्हा

प्रिय दीपा,

सप्रेम जयभीम. थायलंडहून रिठदला परतून आठ दिवस झाले. रिटायर झालो की दोघं जाऊ, असं तुझ्या आईला कबूल केलं होतं. शेवटी तिच्याविनाच वाशीमच्या मंडळींसोबत गेलो.

तिथल्या विहारात बुद्धमूर्तीकडे पाय करून बसत नाहीत. माझे गुडघे दुखत होते म्हणून पाय लांब केले, तर शेजारच्या म्हातारीने हसत खुणेनेच आवरायला लावले. आई असती तर म्हणाली असती, "मास्तर, लोकायले शिकवता अन् सोताले बसता येत नाई!" मला तिथेच हसू फुटलं.

त्यांचं नवीन वर्ष एप्रिलात येतं. सोंगक्रान म्हणतात. ऊन अगदी आपल्यासारखंच. रस्त्यावर पोरं पाणी उडवत होती, विहारात मात्र म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं होतं. मलाही बसवलं. तुझ्याच वयाच्या एका मुलीने माझ्या ओंजळीवर मोगऱ्याच्या फुलांचं पाणी हळूच ओतलं आणि काहीतरी पुटपुटली. आमच्यासोबतच्या नरेंद्रला थोडी थाई येते, त्याने अर्थ सांगितला, "वर्षभरात काही चुकलं असन तर माफ करा, म्हन्ते." तिला आशीर्वाद द्यायचं सोडून मी नरेंद्रला विचारलं, "अन् मोठ्यायचं चुकलं तर?" त्याने ते शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा मी माझ्या लेकीपुढे हात जोडते."

दीपा, चार वर्षांपूर्वी आईची माती झाल्यावर तू दारात पोचलीस आणि मी चारचौघांत म्हणालो, "आता कायले आली?" त्यानंतर तू घरी आली नाहीस.

खरं असं आहे, की आई शेवटचे दोन दिवस "दीपाले बोलवा" म्हणत होती. तुझी परीक्षा बुडेल म्हणून मीच कोणाला फोन करू दिला नाही. मला वाटलं, ती उठेल. पुढे नातेवाईक तुला नावं ठेवत राहिले आणि मी खाली मान घालून ऐकत बसलो. काल आपल्या गावच्या विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. रंगूबाई आत्या रडली, कोणी उठून गेलं. तुला लोकांदेखत बोललो होतो, म्हणून आधी लोकांदेखत सांगितलं. आता तुला सांगतो. बाई, तुझा काहीच दोष नव्हता. माझं चुकलं. मला माफ कर.

तुझाच,
बाबा