हाराची निळी रिबीन

घोडपदेव, मुंबई
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सीमाताई,
सप्रेम जय भीम.

काकीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? तिला आधाराशिवाय उठू देऊ नकोस, ती ऐकणार नाही. इकडे सगळे बरे. तुझ्या खोलीची किल्ली आमच्या नम्रताकडेच आहे, झाडांना पाणी घालते.

परत यायची घाई करू नकोस. काकी नीट चालायला लागू दे, मग बघू. हे फोनवरच सांगणार होतो, पण तू नुसतं "हं" म्हणालीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून पत्र.

शोरूममध्ये नवीन चॅट घ्यायचं ठरलं. वेबसाइटवर गिऱ्हाईक विचारतं आणि तू उत्तर लिहितेस, त्याच कामासाठी. तीन कंपन्या आल्या. निवड शेठनी माझ्यावर टाकली. पहिलीचं चॅट उघडल्याबरोबर फोन नंबर मागायचं. शेठ म्हणाले, "हा तर दारातच आधार कार्ड मागतो रे!" दुसऱ्यात उत्तरं द्यायला माणूस बसवावा लागतो. तिसरं स्वतःच उत्तरं देतं, सुट्टी नाही, सण नाही.

त्याला शिकवायला जुनी संभाषणं लागतात. ती सगळी तुझीच होती. मी दिली. तुला विचारलं नाही.

मी दुसऱ्या चॅटच्या, माणूस बसवायच्या बाजूने होतो, ताई. यंत्राला हे जमत नाही, एवढंच शेठना दाखवायचं होतं. सगळ्यांसमोर गिऱ्हाईक होऊन लिहिलं, "आईचे गुडघे दुखतात. गाडीत चढता येईल का?"

उत्तर आलं, "आईंना घेऊनच या. आधी सीटवर टेकवा, मग पाय आत घ्या. आम्हाला घाई नाही."

शेठ हसले. "अरे, ही तर आपली सीमाच!"

मग राखून ठेवलेला प्रश्न काढला. "जय भीम. चौदा एप्रिलला गाडी मिळेल का?" म्हटलं, आता हे मुहूर्त सांगत बसणार.

"जय भीम! नक्की मिळेल. गाडीच्या हाराला निळी रिबीन लावू. सगळं घर घेऊन या."

तू हारांना लावायचीस त्या रिबिनीचं रीळ तेव्हाही ड्रॉवरमध्येच होतं.

शेठनी विचारलं, "आता अडचण काय, अजित?" मी शोधली, सापडली नाही. सोमवारी तिसऱ्यावर सही केली. तुझी जागा गेली, ताई. ऑफिसचं पत्र येईलच, त्याआधी माझं पोचावं. घाई करू नकोस असं वर लिहिलंय, ते काकीसाठी नव्हतं.

चॅटवर नावही सीमाच ठेवायचं होतं त्यांना. "लोकांना सवय आहे." तिथे मात्र मी भांडलो. आठ वर्षांत पहिल्यांदा आवाज चढला माझा. तेवढं त्यांनी ऐकलं. म्हणाले, "ठीक आहे, मग तुझं टाक."

टाकलं.

काल एका बाईंनी लिहिलं, "अजितदादा, किती आपुलकीने सांगता हो तुम्ही." मी शेजारीच बसलो होतो. माझ्या आधी यंत्रानेच आभार मानले.

रीळ घरी आणून ठेवलंय. फोन कर, शिव्या घाल. फक्त "हं" म्हणू नकोस.

तुझा,
चॅटवरचा नव्हे, तू इथे नोकरीला लावलेला
अजित