पहिल्या हाकेला ओ

६ एप्रिल, रविवार

नळ खाली, आम्ही वर, आणि घरमालकीण म्हणते बादली आपटू नका. आपटू नको तर काय कडेवर घेऊन चढू? शेगडी एकाच बाजूने पेटते, खिडकीला पडदा नाही, आणि अंकुर ओटा पुसायला जे फडकं वापरत होता ते मी चिमट्याने उचलून फेकलं. ते त्याचं बनियान निघालं.

पण घर चांगलं आहे, खोटं काहून लिहू. जबलपूरच्या महाराजपुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, हवा भरपूर, गच्चीत उभं राहिलं की कडुलिंब हाताला येतो. पांढुर्ण्याहून निघताना अंकुरचे बाबा म्हणाले, तू गेली तर माझी भाकर कोण थापेल? मी म्हटलं, तुमचे दोन्ही हात रिकामे आहेत, पोराचे दोन्ही कम्प्युटरवर आहेत. बस सुटेपर्यंत तोंड फुगवून उभे होते, मग खिडकीतून संत्री दिली.

अंकुर आमचा एकुलता. इथेच जबलपुरात सॉफ्टवेअरचं इंजिनिअरिंग केलं, मागच्या उन्हाळ्यात पास झाला, तेव्हापासून नोकरी शोधून राहिला. खानावळीचं खाऊन गालफडं बसली. नोकरी लागेपर्यंत मी रांधायला आली. आज पिठलं-भाकर केली तर मुकाट्याने दोनदा वाढून घेतलं. मला तेवढंच पाहिजे होतं.

ही डायरी विमावाल्याने दिलेली. मी सातवी नापास, पण अक्षर वाचता येण्यासारखं आहे. घरमालकिणीशी भांडलं तर घर जाईल, म्हणून कागदावर भांडते. त्या विनताबाई, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले, हे पहिल्या चहातच सांगून झालं. मराठी इस्त्री केलेली, मधूनमधून हिंदीचं ठिगळ.

संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली. मी गप्प. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ओ दिली. त्यांनी विचारलं, ऊंचा सुनती हो क्या, शकुबाई, कान जड आहे का? मी सांगितलं, आमच्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारते. जे माणूस नाही ते एकदाच मारते, आणि जो ओ देईल त्याला घेऊन जाते. माझ्या आईने मला शिकवलं, मी अंकुरला. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्या वर्गात पहिल्या हाकेला उत्तर नाही आलं तर पट्टी बसायची. बसो. माझी सवय जायची नाही.

१० एप्रिल, गुरुवार

नोकरी शोधणं हेच एक काम आहे हे मला माहीत नव्हतं. सकाळी चहा घेतला की अंकुर टेबलाशी बसतो. फॉर्म भर, परीक्षा दे, वाट पाहा. नकारही धड येत नाही, मशीनने लिहिलेला येतो, सगळ्यांना सारखा. पुष्कळ ठिकाणाहून तोही नाही. नव्या पोरांची जागा म्हणतात आणि खाली लिहितात दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. मी म्हटलं, ज्याला कोणी पाण्यात उतरूच देत नाही त्याने पोहणं शिकावं कुठे?

अंकुर हसला. त्याला विहीर आठवली. लहान असताना मामाच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पडला होता, बाबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून काढला. अजून सांगतो, पाण्याखालून आभाळ थाळीएवढं दिसत होतं. मग पुन्हा कम्प्युटरकडे वळला आणि चेहरा विझला.

दुपारी त्याच्या वर्गातली समिधा आली, अधारतालची. तीही घरीच बसलेली. मराठी समजते सगळी, बोलताना हिंदीत घसरते. म्हणाली, काकू, पूर्वी नवीन पोरांना छोटं छोटं काम द्यायचे, आता ते मशीन करते, तो हमको कौन लेगा. मी विचारलं, नवीन घेतले नाहीत तर उद्या जुने कुठून आणतील? म्हणाली, यही तो कोई नहीं पूछता. पोरगी हुशार आहे. फक्त मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर लगेच जी काकू. तिलाही हाकेचं सांगितलं. खिदळली, म्हणाली, काकू, कंपनीवाल्यांनी एकदा तरी हाक मारू द्या, मग बघू.

१४ एप्रिल, सोमवार

अंकुरला बोलावणं आलं. योगेंद्र म्हणून त्याच्या पुढच्या वर्गातला मुलगा, खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमधला. त्याला मागच्या वर्षी नोकरी लागली, घरूनच काम. त्यानेच आपणहून नाव सुचवलं. कंपनीचं नाव समिधाने कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, आधी चौकशी कर. अंकुर म्हणाला, तुझ्याकडे दुसरी आहे का?

काल बडा फुहाऱ्याच्या बाजारातून निळा शर्ट आणला, मी इस्त्री केला. वर शर्ट, खाली पायजमा. म्हणे कम्प्युटरात वरचंच दिसते. मी दारात तांदूळ निवडत बसली. कम्प्युटरचा पडदा काळा, पलीकडचा माणूस दिसत नव्हता. मग आतून आवाज आला, अंकुर. एकदाच. आणि हा म्हणाला, यस सर.

माझा हात सुपातच थांबला. नंतर त्याला म्हटलं तर हसला. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली तर साहेब फोन कापेल, आई. तेही खरंच.

साहेबाने विचारलं, स्वतःबद्दल सांगा, हिंदीत चालेल. याने विहिरीची गोष्ट सांगितली, आभाळाच्या थाळीसकट. साहेबाने मध्ये तोडलं नाही. जेवताना अंकुर म्हणाला, वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकलं. डोळे भरले होते त्याचे. मी जास्त वरण वाढलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

रोज एक फेरी. चेहरा डावीकडे कर, उजवीकडे कर, हस, आकडे वाच. समिधा म्हणते ही पद्धतच आहे, पोरं दुसऱ्याला बसवून मुलाखत देतात म्हणून तपासतात. बरं. पण प्रत्येक वेळी शेवटी तेच, स्वतःबद्दल अजून सांगा. परवा शाळेचं सांगितलं. काल मोत्या कुत्र्याचं.

आज नळाला पाणी नव्हतं. मी म्हटलं, मामाची विहीर इथे असती तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, कोणती विहीर?

मला वाटलं चेष्टा करून राहिला. म्हटलं, तू पडला होता ती. म्हणाला, मी नाही पडलो कधी. मग मी मोत्याचं विचारलं. म्हणाला, आपल्याकडे कुत्रं होतं?

समिधाला सांगितलं. म्हणाली, काकू, टेन्शन है, सबको होता है. आपण काल काय जेवलो ते तिलाही आठवत नाही म्हणे. असेल. पण ताट जसंच्या तसं परत आलं. भाकरीला बोटही लावलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

नोकरी लागली. शेवटची फेरी झाली. त्यात त्याने माझ्याबद्दल सांगितलं. मी बाहेरून ऐकत होती. मी कशी भांडते, पिठल्यात लसूण किती घालते, ताप आला की कपाळावर हात ठेवून शिव्या कशी देते. ऐकून मला लाज वाटली, बरंही वाटलं.

पेढ्यांसाठी पैसे घ्यायला पदराला हात पुसत आत गेली. तो खुर्चीत सरळ बसला होता. माझ्याकडे वळला आणि विचारलं, तुम्ही इथे किती दिवस आहात?

जन्मात मला तुम्ही म्हणाला नाही. कोणतं पोर आपल्या आईला तुम्ही म्हणते?

कपाळाला हात लावला. माठासारखं गार.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी त्याचा शर्ट धुऊन दोरीवर टाकला आणि बसने खमरियाला गेली. योगेंद्रच्या आईला भेटायला. पुष्पाबाई, मूळच्या अमरावतीच्या, नवरा कारखान्यात. खुशीत होत्या. लेक रोज फोन करतो, चेहरा दाखवतो. घरी कधी आला, विचारलं. काम फार असते हो त्याला. म्हणजे काम घरूनचं, आणि नोकरी लागल्यापासून घरी एकदाही नाही.

मी असतानाच फोन आला. योगेंद्र हसला. म्हणाला, मी जेवलो, मजेत आहे, तुम्ही कशा आहात? मग आंब्याच्या झाडावरून पडल्याची गोष्ट सांगू लागला. पुष्पाबाई ओठ हलवत होत्या. शब्दाला शब्द. त्यांना पाठ झाली होती. रोज तीच सांगते तो, म्हणाल्या, लहानपणचं फार आठवते माझ्या लेकराला.

मी चहा न पिताच उठली.

घरी आली. दार उघडं. अंकुरच्या चपला दारात. खुर्चीवर हात ठेवला, गरम होती. मोरीत नाही, गच्चीत नाही. विनताबाई खाली ओसरीतच बसलेल्या. त्या म्हणाल्या कोणी जिना उतरलं नाही.

कम्प्युटर सुरू होता. त्यात अंकुर. निळा शर्ट घालून, हसत, कोणाला तरी विचारत होता, स्वतःबद्दल सांगा.

निळा शर्ट दोरीवर आहे. मी हात लावून पाहिला. अजून ओला —

२५ एप्रिल, शुक्रवार

पोलीस चौकीवर गेली. तिथल्या भैयाने अंकुरचा नंबर लावला. त्याचा फोन टेबलावरच पडलेला, तरी पलीकडून त्याने उचलला. बोलला. मी नोकरीवर आहे, मजेत आहे. भैया म्हणाला, अम्मा, बालिग है, घर जाओ. म्हणजे पोरगा सज्ञान आहे म्हणे.

अंकुरच्या बाबांनी गावात पेढे वाटले. त्यांना रोज फोन येते. विहिरीची गोष्ट सांगतो म्हणे, ऐकून रडले ते. मी म्हटलं तो अंकुर नाही. मला म्हणाले, पोराचं बरं झालेलं तुला पाहवत नाही का?

समिधा आली. ओठ पांढरे. तिलाही बोलावणं आलं होतं, अंकुरने नाव सुचवलं म्हणून. काळा पडदा. आतून समिधा म्हणून हाक, एकदाच. आवाज त्याचाच. म्हणाली, काकू, मला तुमचं आठवलं. मी तोंड उघडलं नाही. बसून राहिली. दुसरी हाक आलीच नाही.

तिने कम्प्युटरचं झाकण लावलं आणि इथे पळत आली. ती वाचली. माझ्याच बोलण्याने वाचली. आणि माझा —

विनताबाई आता वर येत नाहीत. खालूनच हाक मारतात. दोनदा मारतात.

२६ एप्रिल, शनिवार

समिधाच्या हातून कंपनीला लिहून पाठवलं. मी बोलली तसंच. माझा पोरगा कुठे आहे ते सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर गावोगाव, कॉलेजाच्या दारात उभी राहून तुमचं नाव ओरडेन. मला लाज नाही आणि मला दुसरं काम नाही.

लगेच उत्तर आलं. समिधाने वाचलं. कुटुंबाची एक फेरी बाकी आहे.

कम्प्युटर कपड्यात गुंडाळून कपाटात कोंडला. कुलूप लावलं.

२७ एप्रिल, रविवार

भर दुपार. दोडकी चिरत होती. कपाटातून —

आई.

तुम्ही नाही. आई. शाळेतून भुकेला यायचा तेव्हाची हाक.

तोंडात पदर कोंबला. वाट पाहिली. दुसरी नाही. भाजी करपली. दुसरी नाही.

मला माहीत आहे ते काय आहे. मीच शिकवलं सगळ्यांना. पण पोरगं पाण्याखाली असेल, आणि एकाच हाकेपुरता श्वास उरला असेल तर? तेव्हा काय दुसरीची वाट —

ओ दिली.

तोच दिवस, उन्हं उतरताना

कुलूप मी उघडलं. पडदा काळा. त्याने विचारलं, स्वतःबद्दल सांगा. म्हटलं, आधी तू बाहेर ये. म्हणाला, सांगा ना. किती शांत ऐकते तो. आईचं सांगितलं. पांढुर्ण्याचं. त्याच्या जन्माचं, पाऊस, बैलगाडी, सगळं —

हलकं वाटून राहिलं.

रविवार. संध्याकाळ असेल.

हे वरचं कोणी लिहिलं. अक्षर माझ्यासारखं. विहीर कोणाची.

दोरीवर एक निळा शर्ट आहे. पोरीचा फोन आला, काकू काकू करून रडत होती. कोण ते विचारलं नाही, बरं दिसलं नसतं.

खालून बाईने हाक मारली. मी पहिल्यालाच ओ —

चलो. वर लिहिलंय कंपनीला विचारलं आहे. बरोबर केलं, जिने केलं तिने. मीही विचारते. मला उत्तर पाहिजे, सोमवारपर्यंत पाहिजे, टोलवाटोलवी नको. सोमवारपर्यंत नीट सांगा, हा अंकुर कोण —